पाऊस मोजायला प्रयोगशाळा लागत नाही

वाचकांचे प्रश्न : विज्ञान आणि पर्यावरण शिक्षण

विज्ञान आणि पर्यावरण शिकण्याच्या, शिकवण्याच्या संधींबद्दल काही विचारायचं असेल तर पत्र टाका, असं मी गेल्या अंकात लिहिलं होतं. भरपूर पत्रं आली. बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : 'हे सगळं पुण्यामुंबईच्या मुलांसाठी असतं, आमच्याकडे काय?' मी विज्ञान शिकवलं ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कुलात, त्यामुळे हा सूर मला ओळखीचा आहे. यावेळी मुद्दाम अशीच पत्रं जास्त घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वर्ग पहिली ते सातवी. प्रयोगशाळा नाही, विज्ञानाची पेटी आहे पण तिच्यातलं निम्मं साहित्य फुटलेलं. पर्यावरण म्हटलं की आमच्याकडे वृक्षदिंडी निघते, घोषवाक्यं होतात, फोटो वर पाठवले जातात. यंदा मुलांकडून पाण्यावर खरं काही करून घ्यावं असं मनात आहे. कुठली योजना, कुठला निधी मिळू शकेल?
– एक शिक्षक, औसा तालुका, जि. लातूर

सर, निधीचं नंतर बघू. जून लागला आहे, मृग तोंडावर आहे. सरी चुकवू नका. पहिल्या आठवड्यातच मुलांकडून पर्जन्यमापक करून घ्या, त्याला एक रुपयाही लागत नाही.

प्लॅस्टिकची दोन लिटरची बाटली घ्या, पण अंगाला वळ्या-खाचा नसलेली, सरळ. गळ्याखालचा निमुळता भाग कापून काढा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून तळाशी खडे टाका आणि खडे पूर्ण बुडतील एवढं पाणी घाला. त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची रेघ मारा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली मैदानात दोनतीन विटांच्या आधारानं उभी करा. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर असावं. जवळ भिंत किंवा झाड असेल तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा, नाहीतर आडोशाचा पाऊस मोजला जाईल.

नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यायची. हवामान खात्याची वेळ तीच आहे, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. नोंद झाली की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकायचं. कोरड्या दिवशी पाणी उडून रेघेखाली गेलं असेल तर तेवढं भरायचं. आणि पाऊस पडला नाही त्या दिवशीही वहीत 'निरंक' असं लिहायचं. मुलं हे सोडून देतात. पण पावसाचा खंड किती दिवसांचा पडला, हे त्या 'निरंक'मधूनच कळतं, आणि सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला महिन्याच्या बेरजेपेक्षा खंडाचं जास्त महत्त्व असतं. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच हवामान खातं त्याला 'पावसाचा दिवस' धरतं, हेही मुलांना सांगा. महिनाअखेर असे दिवस मोजायला त्यांना आवडतं.

आता खरी गंमत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे मुलांकडून करून घ्या, सांगू नका. खडूनं जमिनीवर एक मीटरचा चौकोन आखा आणि एक मिलिमीटर जाडीचा थर किती घनसेंटिमीटर होतो ते सहावी-सातवीच्या मुलांना काढू द्या. मग शाळेच्या छताची लांबी-रुंदी टेपनं मोजा. समजा छत १०० चौरस मीटरचं निघालं. मग एका रात्रीत २० मिलिमीटर पाऊस पडला तर छतावर २,००० लिटर पाणी आलं. पावसाळाभरात ५०० मिलिमीटर झाला तर ५०,००० लिटर.

हा ५०,०००चा आकडा लातूर जिल्ह्यात फार जवळचा आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे तुमच्या शाळेच्या छतावरून पावसाळ्यात एक वाघीण भरेल इतकं पाणी वाहून जातं. पन्हाळीतून थोडं सांडेल, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यावं लागेल, तरी चाळीसेक हजार लिटर हाताशी राहतं. हा हिशेब मुलांनी स्वतः मांडून ग्रामसभेत वाचून दाखवला, तर छताला पन्हाळ आणि खाली टाकी हवी, हे तुम्हाला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. निधीचा रस्ता तिथूनच निघेल.

पावसाची वही सुरू झाली की तिला फाटे फुटू द्या. एक फाटा नक्षत्रांचा. घरच्या आजी-आजोबांना मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य तोंडपाठ असतात. प्रत्येक नक्षत्रात किती मिलिमीटर पडला त्याची बेरीज करायची आणि त्यांना विचारायचं, पूर्वी या नक्षत्रात कसा असायचा? 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' ही म्हण ज्वारीच्या संदर्भात का आली असेल, हे ऑक्टोबरअखेर वर्गात बोलता येईल.

दुसरा फाटा महसूल मंडळाचा. महावेध प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. तुमचं गाव मंडळाच्या केंद्रापासून पाचसात किलोमीटरवर असेल, तर तुमचा आणि त्यांचा आकडा कितीदा जुळतो? पावसाळ्यातली वळवाची सर एका शिवारात पडते आणि दुसरं कोरडं राहतं, हे प्रत्येक शेतकरी सांगतो. मुलांकडे त्याचा कागदावरचा पुरावा तयार होईल. मला या सगळ्यात हे काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण याची गावाला गरज आहे.

तिसरा, विहिरीचा. सुतळीला दगड बांधून कठड्यावरच्या एकाच ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, सकाळी मोटार सुरू होण्याआधी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. तुम्ही महिन्यातून एकदा मोजा. कठडा असलेलीच विहीर निवडा, आणि मोजणी तुमच्या हातानं. मुलांनी लांब उभं राहून नोंद करायची. यात तडजोड नको.

आता योजना. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचा हरित शाळांचा कार्यक्रम आहे. त्यात मुलंच आपल्या शाळेची तपासणी करतात : हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा अशा सहा बाबी. सुरुवात पाण्यापासून करा. गळका नळ असेल तर त्याखाली मापाचं भांडं दहा मिनिटं ठेवायचं आणि जमलेल्या पाण्याला १४४नं गुणायचं, की दिवसाचा आकडा मिळतो. दुसरी संधी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची. ही १९९३ पासून चालत आली आहे, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे आणि तिचा सगळा भर आसपासच्या प्रश्नावर मुलांनी केलेल्या अभ्यासावर आहे. प्रकल्प आपल्या भाषेत मांडता येतो. यंदाचा विषय आणि तारखा तुमच्या जिल्ह्याच्या समन्वयकांकडे विचारा. इको क्लबसाठी सरकारच्या समग्र शिक्षा योजनेमधून शाळेला थोडी रक्कम येते, त्याची चौकशी केंद्रप्रमुखांकडे करा. पण वही आधी. वही असली की यातल्या कुठल्याही ठिकाणी तुम्ही रिकाम्या हातानं जाणार नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, मराठी माध्यम. मला शास्त्रज्ञ व्हायचं आहे. आमच्या शाळेत फक्त विज्ञान प्रदर्शन असतं. नववीच्या मुलांसाठी कुठल्या परीक्षा किंवा शिबिरं असतात? माझं इंग्रजी कच्चं आहे.
– एक विद्यार्थिनी, राजापूर तालुका, जि. रत्नागिरी

बाळा, तू अगदी योग्य वर्षी विचारलंस. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठीच असते. मुंबईची विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून ती घेते. मराठीतून देता येते. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. नोंदणी शाळेतर्फे होते, तेव्हा विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना आत्ताच सांगून ठेव. मला ही स्पर्धा आवडते ती तिच्या प्रात्यक्षिकामुळे. पाठ करून तिथे काही चालत नाही.

इस्रोचा 'युविका' कार्यक्रमही नववीच्या मुलांसाठीच आहे. २०१९ मध्ये सुरू झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रावर राहायचं, खर्च इस्रोचा. निवडीत आठवीचे गुण आणि ऑनलाइन प्रश्नमंजूषा धरतात आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना जादा गुण असतात, म्हणजे तुझं गाव इथे तुझ्या बाजूनं आहे. जाहिरात वर्षाच्या सुरुवातीला येते, जानेवारीपासून लक्ष ठेव. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक या योजनेसाठी शाळा मुलांच्या कल्पना पाठवते आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. ऑलिंपियाडची कनिष्ठ विज्ञान परीक्षाही आहे, पण ती कठीण असते. यंदा तिच्यामागे धावू नकोस.

सगळं एकदम करायचं नाही. होमी भाभा स्पर्धेची तयारी कर आणि जोडीला एक काम स्वतःचं. तुझ्या तालुक्यात जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, आहेत. उन्हाळ्यात तिथं काही नसतं असं वाटतं आणि श्रावणात पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं येतात. दादाला किंवा बाबांना बरोबर घेऊन जा. चार काठ्या आणि सुतळीनं एक मीटरचा चौकोन कर आणि जागेला खूण कर. दर रविवारी त्याच चौकोनात किती प्रकारची रोपं आहेत, किती फुलली, ते लिही. नावं माहीत नसली तर चित्र काढ आणि क्रमांक दे. पाणी साचतं तिथे निळसर-जांभळी, इवलीशी 'सीतेची आसवं' दिसतील. जमिनीलगत लाल, चिकट केसांचं दवबिंदूचं रोप सापडलं तर भिंगानं बघ. केसांवर एखादं चिलट अडकलेलं असेल. कातळावर माती वीतभरही नसते आणि जी असते तिच्यात नत्र अगदी कमी. ती तूट ही रोपं किडे पकडून भरून काढतात. तुझ्या चौकोनात मातीची जाडी कुठे किती आहे ते सळईनं मोज आणि कुठली रोपं कुठे उगवतात त्याचा नकाशा कर. रोपं उपटायची नाहीत, तुडवायचीही नाहीत. एवढ्यावर तू कुठल्याही मुलाखतीला बसू शकतेस.

इंग्रजीचं दडपण घेऊ नकोस. रोज विज्ञानाचे पाच इंग्रजी शब्द वहीत लिहीत गेलीस तरी अकरावीपर्यंत पुष्कळ होतं.

प्रश्न : मी बारावी कला शाखेतून झाले, मग डी.एड. केलं. आता सहावी ते आठवीला विज्ञान माझ्याकडे आहे. धडा वाचून दाखवते, पण मुलांनी प्रश्न विचारला की छातीत धडधडतं. प्रशिक्षणं होतात, त्यात दिवसभर पडद्याकडे बघत बसतो. मला स्वतःला शिकायचं आहे. कुठे जाऊ?
– एक शिक्षिका, सुरगाणा तालुका, जि. नाशिक

ताई, हे पत्र मी दोनदा वाचलं. राज्यात तुमच्यासारख्या किती तरी शिक्षिका आहेत आणि त्यातल्या फार थोड्या जणी हे कागदावर लिहितात.

सुरुवात घरून करा. अरविंद गुप्ता यांचं काम तुम्ही बघितलं नसेल तर आज रात्रीच बघा. ते कानपूरच्या आयआयटीचे अभियंता. पुण्यात टेल्कोत नोकरीला असताना १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करत राहिले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत, खेळण्यांच्या छोट्या फिती मराठीतूनही आहेत.

एक इथे सांगते. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणा आणि तिचे पेराएवढे तुकडे करा. तुकड्याच्या दोन्ही टोकांत काडेपेटीच्या काड्या घुसवल्या, गूल खरवडून टाकून, की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चार काड्यांचा चौकोन करा. दोन्ही मुलांच्या हातात द्या आणि म्हणा, दाबा. चौकोन लगेच कलतो, त्याचा शंकरपाळा होतो. त्रिकोण हलत नाही. मुलं विचारतील, का? तुम्हाला उत्तर यायलाच हवं असं नाही. 'चला शोधू' म्हणा आणि त्यांना शाळेच्या पत्र्याखालची कैची दाखवा, मोबाइलच्या टॉवरकडे बघायला सांगा, सगळीकडे त्रिकोणच का आहेत ते विचारा. चौकोनात तिरपी काडी टाकली की काय होतं, ते कोणीतरी करून बघेलच. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचे कोन आपोआप ठरतात, चौकोनाचे ठरत नाहीत. हे वाक्य त्यांच्या बोटांना आधीच कळलेलं असेल. कला शाखेनं इथे तुमचं काही अडत नाही.

जायचं कुठे, तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. तिची इमारत सुनीताबाई देशपांडे यांनी पु. लं.च्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभी राहिली, म्हणून तिचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचंही ते नाव आहे. अरविंद गुप्तांनी बरीच वर्षं तिथूनच काम केलं. पुण्यातल्याच आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत विज्ञान उपक्रम केंद्र आहे, तिथे शिक्षकांच्या कार्यशाळा होतात आणि त्यांत हातानं करायचं असतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ पासून. त्यांचा 'विज्ञान प्रतिभा' नावाचा उपक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. त्यातले पाठ उतरवून घेता येतात आणि शिक्षकानं काय विचारावं, मुलं काय म्हणू शकतील, हेही त्यात दिलेलं असतं. सातवी-आठवीसाठी त्यातले काही सहज जमतील.

प्रशिक्षण निवडताना माझी एकच अट असते : दिवसभरात माझे हात किती वेळ चालणार? ज्या कार्यक्रमपत्रिकेत नुसती व्याख्यानं आणि शेवटी प्रमाणपत्र वाटप असेल, तिथे सुट्टी खर्ची घालू नका. शक्यतो एकट्या जाऊ नका, तुमच्या शाळेच्या केंद्रातल्या आणखी एका शिक्षिकेला बरोबर घ्या. परत आल्यावर अडलं तर विचारायला कोणीतरी लागतं. आणि कर्तव्यरजेचा अर्ज महिनाभर आधी, निमंत्रणपत्र जोडून द्या. तोंडी परवानगीवर विसंबू नका.

प्रश्नांची धडधड मात्र जाऊ देऊ नका, असं मी म्हणेन. वर्गात 'न आलेल्या प्रश्नांची पाटी' टांगा. आठवड्याचे प्रश्न तिच्यावर लिहायचे आणि शनिवारी त्यातला एक सगळ्यांनी मिळून सोडवायचा. पाटी भरायला लागली की समजा तुमचं विज्ञान सुरू झालं आहे.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. शाळेनं 'शाश्वत विकास' या विषयावर मॉडेल करून आणायला सांगितलं. बाजारात तयार मिळतात, वर्गातल्या बऱ्याच जणांनी विकत आणली. आम्हा दोघांनाही नोकरीमुळे वेळ नसतो. काय करावं?
– एक पालक, डोंबिवली

विकत आणू नका. हे मी अगदी आग्रहानं सांगते. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली आणि पर्यावरणाच्या मॉडेलांसाठी अजून थर्माकोलचाच बाजार भरतो, हे बघून मला त्रास होतो. पण त्याहून मोठं नुकसान मुलाचं आहे. 'विज्ञान म्हणजे आईबाबांनी आणून दिलेली वस्तू' हे त्याच्या मनात सहावीतच पक्कं होतं.

वेळ फार लागत नाही. घरात स्वयंपाकघराचा वजनकाटा असेल तर रोज रात्री ओल्या कचऱ्याचं वजन मुलानं करायचं आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचं. तुम्ही फक्त आठवण करायची. महिन्यानं तो आलेख काढेल. गणपतीत आकडा का चढला, आंब्याच्या दिवसांत काय झालं असतं, असे प्रश्न त्याला आपणहून पडतील. मग मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारून तो सोसायटीचा अंदाज काढेल. तोच आलेख मॉडेल म्हणून शाळेत न्यायचा. बाईंनी नको म्हटलं तर एकदा भेटून सांगा. बहुतेक बाई आनंदानं घेतात, त्यांनाही त्याच त्या पवनचक्क्यांचा कंटाळा आलेला असतो.

दुसरं, सोसायटीतलं एक झाड. 'सीझनवॉच' नावाचा देशभरातला उपक्रम आहे. त्यात एकच झाड निवडून दर आठवड्याला बघायचं : कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, प्रत्येक गोष्ट अजिबात नाही, थोडी, की पुष्कळ, एवढंच नोंदवायचं. पाच मिनिटांचं काम. केरळात विशूच्या सणाला, एप्रिलच्या मध्यावर, पूजेला बहाव्याची फुलं लागतात. तिथल्या शाळकरी मुलांच्या अशाच नोंदींतून दिसलं, की अनेक ठिकाणी बहावा सणाच्या कितीतरी आधीच फुलू लागतो. तुमच्या रस्त्यावर बहावा असेल तर तोच निवडा.

आणि महिन्यातला एखादा रविवार : वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, गोरेगावला चित्रनगरीशेजारचं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र, चुनाभट्टीचं मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन. परिषदेत शहरी शेतीही शिकवतात. गच्चीवर किंवा खिडकीत, घरातल्याच कचऱ्यावर भाजी. तो वजन केलेला ओला कचरा तिथे कामी येईल.

प्रश्न : मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र. पर्यावरणात करिअर करायचं आहे. आमच्या कॉलेजात संशोधन असं काही होत नाही. बाहेर जायचं तर ओळख नाही.
– एक विद्यार्थी, गोंदिया

ओळख लागत नाही अशी एक जागा सांगते. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रकामात राहून काम करायचं, विद्यावेतन मिळतं. अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर निघतात. तुला काय करायचं आहे याचं छोटं टिपण आणि प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. ही शिष्यवृत्ती महाविद्यालयीन शिक्षकांनाही आहे, तेव्हा तुझ्या सरांनाही सांग. सर एकदा जाऊन आले की 'कॉलेजात संशोधन होत नाही' हे वाक्य बदलेल. बीएनएचएसचे पक्षी, कीटक, जैवविविधता या विषयांवरचे अभ्यासक्रमही घरी राहून करता येतात.

पण टिपणात लिहायला काहीतरी लागेल, आणि तू गोंदियात राहतोस! महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः तुझ्याच जिल्ह्यात. उडणाऱ्या पक्ष्यांत उंचीनं जगातला सगळ्यांत मोठा, आणि तो घरटं करतो धानाच्या बांधीत, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला. त्याची गणना उन्हाळ्याच्या शेवटी-पावसाळ्याच्या सुरुवातीला होते आणि तीत स्वयंसेवक लागतात. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन नाव दे. गणनेच्या दिवसापुरता राहू नकोस. एक बोडी धर आणि वर्षभर पंधरवड्यानं जा. किती पाणी, कुठले पक्षी, कडेच्या बांध्यांत कुठलं औषध फवारलं, शेतकऱ्याचं घरट्याबद्दल काय म्हणणं आहे, ते लिही. घरट्यामुळे धानाचं थोडं नुकसान होतं, ते तो का सोसतो किंवा का सोसत नाही, हा प्रश्न पुस्तकात सापडणार नाही. फेब्रुवारीत देशभर चार दिवस कॉलेजांच्या आवारातले पक्षी मोजतात, एका वेळी पंधरा मिनिटं पुरतात. ती मोजणी तुझ्या कॉलेजात तू सुरू कर.

प्रश्न : माझा मुलगा दहावीला दोन विषयांत राहिला. अभ्यासात मन नाही, पण घरची मोटार, फवारणीचा पंप, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सगळं खोलून जोडतो. लोक म्हणतात आता याचं काही होत नाही. तुमच्या सदरात हुशार मुलांचंच असतं. याच्यासाठी काही आहे का?
– एक शेतकरी, माण तालुका, जि. सातारा

दादा, तुमचा मुलगा हुशारच आहे. बंद पडलेला पंप खोलून बिघाड शोधतो, म्हणजे अंदाज बांधतो, तपासतो, चुकला तर दुसरा अंदाज बांधतो. विज्ञानात आम्ही मुलांना हेच शिकवायला बघतो.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे, तिथे विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातलं मोठं पद सोडून १९८३ मध्ये ते या दुष्काळी गावात येऊन राहिले आणि हातानं करत करत शिकण्याची शाळा उभी केली. तिथे ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन, बांधकाम, वीज आणि सौरऊर्जा, शेती आणि पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं थोडं थोडं आणि सगळं प्रत्यक्ष. आठवी पास मुलगाही चालतो. मुलं गावकऱ्यांची खरी कामं करतात, त्यांचा खर्च मांडतात, आणि त्या हिशेबातून गणित येतं. माणसारख्या तालुक्यात ठिबक, सौरपंप, शेततळ्याचे प्लॅस्टिकचे कागद ही कामं वाढतच जाणार आहेत आणि ती दुरुस्त करणारा गावातच असला तर सगळ्यांनाच हवा आहे.

हाच अभ्यास आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' म्हणून बऱ्याच माध्यमिक शाळांत शिकवतात. तुमच्या गावच्या हायस्कुलात नसेल तर मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, धाकट्या मुलांना उपयोग होईल.

राहिलेले दोन विषय पुरवणी परीक्षेत बसवा, फॉर्मची तारीख चुकवू नका. आणि त्याआधी एक दिवस काढून मुलाला घेऊन पाबळला जाऊन या. शिक्रापूरकडून किंवा राजगुरुनगरकडून एसटी आहे. फी, प्रवेशाची वेळ, राहण्याची सोय तिथेच विचारा. वर्कशॉपमध्ये त्याला हवा तेवढा वेळ फिरू द्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या, आणि जाता-येता एसटीत निकालाचा विषय काढू नका.